एमआरआयमध्ये टारलोव्ह सिस्ट निघाली: निदान आणि उपचार, पायरीपायरीने

कंबरदुखीसाठी एमआरआय काढला जातो आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते: 'एस-२ पातळीवर पेरिन्युरल सिस्ट' किंवा 'टारलोव्ह सिस्ट'. पेशंट गोंधळतो तो इथे. एक डॉक्टर म्हणतात, 'असतात अशा गाठी, विसरून जा.' दुसरे म्हणतात, 'काढावी लागेल.' नातेवाइकांपैकी कुणीतरी 'मणक्यात गाठ' एवढंच ऐकतं आणि घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते.

कॅन्सरचं आधी मिटवू. टारलोव्ह सिस्ट हा कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. उरलेले दोन्ही सल्ले काही पेशंटच्या बाबतीत बरोबर असतात आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीचे. बहुतेकांना या सिस्टचा काडीचाही त्रास नसतो. थोड्यांना मात्र खरोखर असह्य त्रास असतो, आणि नेमके तेच लोक 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे ऐकत वर्षानुवर्षं दवाखाने फिरतात. आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवणं म्हणजेच निदान. ते झाल्याशिवाय सिस्टला सुईही लावू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

ही सिस्ट असते तरी काय

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, त्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. तिथून खाली नसांचा जुडगा त्याच द्रवाच्या पिशवीत लोंबत असतो आणि पिशवी साधारण एस-२ पर्यंत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडात, सेक्रममध्ये संपते. प्रत्येक नस बाहेर पडताना या आवरणाची बाही सोबत घेऊन जाते. संवेदना वाहून आणणाऱ्या नसेचं मूळ जिथे तिच्या गाठीला, म्हणजे गँग्लियनला मिळतं, तिथे आवरणाच्या दोन थरांमध्ये द्रव शिरतो आणि फुगा तयार होतो. ही टारलोव्ह सिस्ट. ती सर्वात जास्त एस-२ आणि एस-३ नसांवर, म्हणजे सेक्रममधल्या दुसऱ्या-तिसऱ्या नसांवर सापडते.

काही सिस्टमध्ये द्रव सहज आत-बाहेर होतो. काहींचं तोंड मात्र सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं वागतं. उभं राहिलं, खोकलं, कुंथलं की दाबाने द्रव आत जातो, पण तितक्या सहज बाहेर येत नाही. मग फुगा ताणतो, नसेचे तंतू ताणले जातात, शेजारच्या नसा दबतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने सेक्रमचं हाडसुद्धा आतून झिजतं. सीटी स्कॅनमध्ये ही झीज स्पष्ट दिसते.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या सिस्टच्या भिंतीत, कधी पोकळीतही, जिवंत नसेचे तंतू असतात. १९८८ मध्ये नेबर्स आणि सहकाऱ्यांनी मणक्यातल्या अशा सिस्टचे जे तीन प्रकार पाडले, त्यांत पहिल्या प्रकारात नसेचे तंतू नसतात, दुसऱ्यात असतात, आणि तिसरा प्रकार मुख्य आवरणाच्या आतला. टारलोव्ह दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यामुळे चरबीची गाठ जशी अख्खी सोलून काढतात तशी ही काढता येत नाही. पुढचे सगळे उपचार याच अडचणीभोवती फिरतात.

इसाडोर टारलोव्ह या न्यूरोसर्जननी १९३८ मध्ये मॉन्ट्रियलला शवविच्छेदनांत या सिस्ट पाहिल्या. तेव्हा त्या निरुपद्रवी वाटल्या होत्या. पुढे १९४८ मध्ये त्यांनीच लिहिलं की पायात उतरणाऱ्या वेदनेचं हे एक कारण असू शकतं. वैद्यकातली 'काही नसतं' आणि 'असतं' ही ओढाताण तेव्हापासूनची आहे. १९९४ च्या एका अभ्यासात कमरेच्या ५०० एमआरआयपैकी ४.६ टक्क्यांत अशा सिस्ट दिसल्या, पण त्रास सिस्टमुळेच होता असे लोक सगळे मिळून १ टक्का होते. त्रास होणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जास्त आढळतं.

पायरी १: आधी धोक्याची लक्षणं तपासा

पुढचं काहीही वाचण्याआधी हे बघा. लघवी अचानक तुंबली आहे का, किंवा लघवी झाल्याचं कळतच नाही का? शौचावरचा ताबा गेला आहे का? सायकलच्या सीटला टेकणारा भाग, म्हणजे जांघांची आतली बाजू, गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा बधिर झाली आहे का? दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होते आहे का? यातलं एकही नव्याने सुरू झालं असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, न्यूरोसर्जरीची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. अशा वेळी दोषी बहुधा सिस्ट नसते, दोन मणक्यांमधली मोठी सरकलेली चकती असते. पण तिथे तासांना किंमत असते.

ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा टीबी, यांपैकी काही असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही, आणि सिस्टच्या नादात तो राहून गेला तर मोठं नुकसान होतं.

पायरी २: दुखण्याची वही ठेवा

दोन आठवडे रोज लिहा. स्पेशालिस्टला ओपीडीत मिळणाऱ्या दहा मिनिटांत तुमच्या 'खूप दुखतं' या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही, या वहीचा होतो. नोंद कशी असावी, उदाहरणादाखल:

'सकाळी उठल्यावर दुखणं १० पैकी २. ऑफिसात खुर्चीवर पाऊण तास बसल्यावर ७, डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे जळजळ. शिंकले तेव्हा माकडहाडाच्या वर कळ. अर्धा तास कुशीवर पडल्यावर ३. लघवीला सुरू व्हायला वेळ लागला.'

यात चार गोष्टी आहेत: कुठे दुखतं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आणि लघवी-शौचाचं काय. सिस्टमुळे होणारं दुखणं सहसा बसल्यावर, बराच वेळ उभं राहिल्यावर, खोकताना, कुंथताना, वजन उचलताना वाढतं आणि आडवं पडलं की उतरतं. पण एवढ्यावर निकाल लावू नका, चकतीचं दुखणंही असंच वागू शकतं.

मासिक पाळीशी दुखण्याचा संबंध दिसतो का, हे बायकांनी जरूर नोंदवावं. शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं, तिथली संवेदना कमी होणं किंवा विचित्र टोचणी लागणं, पुरुषांत ताठरता कमी होणं, हेही लिहावं. हे बोलायला संकोच वाटतो, मान्य आहे. पण एस-२ ते एस-४ या नसा नेमकं हेच काम करतात, आणि पेशंट गप्प राहिला तर डॉक्टरांच्या हातातला सर्वात चांगला धागा सुटतो. तोंडाने सांगणं जमत नसेल तर वहीचं ते पान पुढे करा.

पायरी ३: एमआरआय नीट झाला आहे का ते बघा

नेहमीचा 'लंबर स्पाइन' एमआरआय कमरेच्या चकत्यांसाठी असतो. त्यातले आडवे छेद बहुतेक वेळा चकत्यांच्या पातळीवर घेतात आणि एस-१ च्या आसपास थांबतात. म्हणजे सिस्ट जिथे असते तो भाग उभ्या चित्रांच्या कोपऱ्यात ओझरता दिसतो. सिस्टच कारण असल्याचा संशय असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'संपूर्ण सेक्रमचा, आडव्या आणि समोरून घेतलेल्या छेदांसह एमआरआय लागेल का?'

चित्रात सिस्ट सीएसएफसारखीच दिसायला हवी: टी-१ आणि टी-२ या एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांपैकी टी-१ मध्ये काळी, टी-२ मध्ये पांढरी शुभ्र. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून देतात ते औषध, दिल्यावर ती उजळत नाही. आत घट्ट भाग दिसला किंवा कॉन्ट्रास्टने उजळला, तर नसेच्या ट्यूमरचा, उदाहरणार्थ श्वानोमाचा, विचार करावा लागतो. कमरेच्या सांध्यातून निघणारी फॅसेट किंवा सायनोव्हियल सिस्ट हाही वेगळा आजार आहे. नाव सारखं वाटलं तरी त्याचे उपचार वेगळे, म्हणून रिपोर्टमधला नेमका शब्द वाचा.

रिपोर्टमध्ये या गोष्टी असाव्यात: सिस्ट किती, कोणत्या नसेवर, कोणत्या बाजूला, किती मिलिमीटरच्या, हाड झिजलंय का, शेजारची नस दाबली गेलीय का. 'पेरिन्युरल सिस्ट नोटेड' एवढंच लिहून रेडिओलॉजिस्ट थांबले असतील तर सविस्तर रिपोर्ट मागायला हरकत नाही. फिल्मसोबत सीडी किंवा पेन ड्राइव्ह नक्की घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना कागदापेक्षा मूळ चित्रं लागतात.

पायरी ४: नस आणि लक्षण जुळतं का

निदानाचा कणा ही पायरी आहे आणि घाईच्या ओपीडीत नेमकी हीच गाळली जाते.

प्रत्येक नसेचा आपापला इलाका ठरलेला आहे. एल-५, म्हणजे कमरेची पाचवी नस, पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याला जाते. ती दुखावली तर अंगठा वर उचलायला जड जातो, टाचांवर चालता येत नाही. एस-१ पावलाची बाहेरची कड आणि तळवा सांभाळते. ती बिघडली की चवड्यांवर उभं राहणं अवघड होतं आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडत नाही. एस-२ चा इलाका मांडीची आणि पोटरीची मागची बाजू. एस-३ ते एस-५ बसायची जागा, गुदद्वार आणि गुप्तांगाभोवतीचा भाग.

आता समजा, सिस्ट डाव्या एस-२ वर आहे आणि दुखणं उजव्या मांडीच्या पुढच्या भागात. या दोघांचा संबंध लागत नाही, कारण शोधायला दुसरीकडे जायला हवं. सिस्ट डाव्या एस-३ वर आणि जळजळ डावीकडे बसायच्या जागेत, बसल्यावर वाढणारी, सोबत लघवीची तक्रार, असं असेल तर संशय पक्का होत जातो.

म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला टाचांवर आणि चवड्यांवर चालवून बघितलं का, गुडघा-घोट्याचे झटके तपासले का, टाचणीने मांडीमागची आणि बैठकीची संवेदना दोन्ही बाजूंनी पडताळली का, याकडे लक्ष द्या. लघवी-शौचाची तक्रार असेल तर गुदद्वाराच्या स्नायूची घट्टपणाची तपासणीही व्हायला हवी. बाईला महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी असेल तर तसं सांगावं, तो तिचा हक्क आहे. यातलं काहीच न करता फक्त फिल्म बघून ऑपरेशनची तारीख मिळत असेल, तर फाइल उचलून दुसरं मत घ्यावं.

पायरी ५: इतर आरोपी तपासा

एस-१ किंवा एल-५ वर दाबणारी चकती, सेक्रमच्या बाजूचा एसआय सांधा, कुल्ल्यातला पिरिफॉर्मिस स्नायू, खुब्याचा सांधा, माकडहाडाला पूर्वी बसलेला मार, गुप्तांगाकडे जाणाऱ्या प्युडेंडल नसेचा दाह, बायकांत एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), पुरुषांत प्रोस्टेट, मधुमेहामुळे नसांचं नुकसान, बी-१२ ची कमतरता. यादी लांब आहे, आणि यातली बरीच दुखणी सिस्टपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. साखर आणि बी-१२ साध्या रक्ततपासणीत कळतात. ओटीपोटाच्या तक्रारी असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्टना एकदा दाखवावंच.

सांधे हाताबाहेर लवचीक असणं, त्वचा सहज ताणली जाणं, घरात मार्फान किंवा एहलर्स-डॅनलॉस असे आजार असणं, हेही सांगा. संयोजी ऊतींच्या या आजारांत सिस्ट अनेक आणि मोठ्या असू शकतात, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय आणखी जपून घ्यावा लागतो.

पायरी ६: खात्रीच्या चाचण्या

सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत. लघवीची तक्रार असेल तर लघवीचा प्रवाह मोजणारी युरोफ्लो आणि लघवी झाल्यावर सोनोग्राफीत किती उरते हे बघणं, दोन्ही स्वस्त आणि बिनधोक. गरज पडली तर मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक्स. नसा आणि स्नायूंमधले विजेचे संदेश मोजणारी एनसीव्ही-ईएमजी असते. पायांपुरती केली तर एस-३, एस-४ चा पत्ता लागत नाही, त्यासाठी गुदद्वाराच्या स्नायूची ईएमजी वेगळी करावी लागते.

सीटी मायलोग्राममध्ये पाठीतून डाय सोडून ती सिस्टमध्ये किती उशिरा भरते ते बघतात. उशिरा भरली तर व्हॉल्व्हचा संशय बळावतो. सर्वात बोलकी चाचणी म्हणजे सीटीच्या मदतीने सिस्टमधला द्रव सुईने काढून बघणं. दुखणं स्पष्ट उतरलं आणि द्रव पुन्हा भरल्यावर परतलं, तर दोष सिस्टचा असण्याची शक्यता बरीच वाढते. काहीच फरक पडला नाही तर शस्त्रक्रियेकडे सहसा वळू नये. सुईचे धोके मात्र आहेतच: नसेला इजा, संसर्ग, द्रव गळून उभं राहिल्यावर होणारी डोकेदुखी. म्हणून ही चाचणी आधीच्या पायऱ्या जुळल्यावरच.

पायरी ७: औषधं आणि रोजचं जगणं

त्रास नसेल तर उपचारही नको. सिस्ट फुटेल या भीतीने आधीच ऑपरेशन करून घेण्याची गरज नसते.

त्रास असेल तर पॅरासिटामॉल, थोडे दिवस सूज कमी करणारी वेदनाशामकं, आणि नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादं, कमी डोसपासून. प्रीगाबालिनने झोप आणि गरगरणं येतं, सुरुवातीच्या दिवसांत दुचाकी चालवू नका, आणि ते मनाने एकदम बंद करू नका. अमिट्रिप्टिलिनबद्दल या आजारात खास सावध राहायला हवं: त्याने लघवी तुंबू शकते आणि बद्धकोष्ठ होतं. लघवीची तक्रार सिस्टची की गोळीची, हेच मग कळेनासं होतं. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्याही पोट साफ होऊ देत नाहीत. मेडिकलवाल्याकडून परस्पर वेदनाशामकं घेत राहिलात तर मूत्रपिंड आणि पोट दोन्हीवर भार येतो.

कुंथणं टाळणं हा या आजारातला बिनखर्चाचा मोठा उपचार आहे. पाणी, भाज्या, फळं, गरज पडली तर इसबगोल. पाण्याची घागर किंवा गॅस सिलिंडर उचलणं सोडा. बसताना मधे कापलेली उशी वापरा, अर्ध्या तासाने उठा, लांबच्या एसटी प्रवासात शक्य असेल तर मधे उतरून चाला, ऑफिसात उभं राहून काम करायची सोय मागा. पोहणं आणि सपाटीवरचं चालणं बहुतेकांना मानवतं. श्वास कोंडून जोर लावायचे व्यायाम, कपालभातीसारखे पोटाला झटके देणारे प्रकार ज्यांना दुखणं वाढवतात त्यांनी सोडावेत. 'मणका बसवून' देणाऱ्यांकडून झटके घेऊ नका, झिजलेल्या सेक्रमवर तर नाहीच.

पायरी ८: सुईचा उपचार

नुसता द्रव काढला तर तो सहसा परत भरतो. म्हणून द्रव काढून त्या जागी फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा डिंक, भरण्याची पद्धत आली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दोन सुया वापरून हे करतात: एकीतून द्रव ओढायचा, दुसरीतून हवा आत येऊ द्यायची, म्हणजे पोकळीत ओढ तयार होत नाही. तिथल्या २१३ पेशंटचे अनुभव २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बऱ्याच जणांना आराम पडल्याचं त्यांत दिसलं. पण ही माहिती एकाच पद्धतीने उपचार केलेल्या पेशंटची आहे, दुसऱ्या उपचारांशी बरोबरीने तुलना केलेली नाही. सिस्टचं तोंड मोकळं असेल तर ग्लू सीएसएफमध्ये जाऊन आवरणांना सूज येऊ शकते, तिथे हा उपचार टाळतात. करणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारा: 'तुम्ही टारलोव्हसाठी हे किती वेळा केलंय? आराम किती टिकला?'

कमरेतल्या स्टिरॉइड इंजेक्शनने काहींना काही काळ बरं वाटतं. माकडहाडाजवळून, कॉडल मार्गाने इंजेक्शन ठरलं असेल तर तिथे सिस्ट असल्याचं आधी सांगा, सुई तिच्यात घुसू शकते.

पायरी ९: शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेचा विचार कधी? लक्षणं नसेशी जुळतात, इतर कारणं वगळली आहेत, औषधांना काही महिने प्रामाणिकपणे संधी देऊन झाली आहे, आणि तरी जगणं अडलंय किंवा लघवी-शौच, ताकद बिघडत चालली आहे तेव्हा. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी सिस्ट आणि पायात उतरणारं दुखणं किंवा लघवी-शौचाचा त्रास असणाऱ्यांना फायदा जास्त झाल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे. आकार हा इशारा आहे, एकट्या आकारावर ऑपरेशन ठरवू नये.

सेक्रमच्या मागचं हाड उघडून मायक्रोस्कोपखाली सिस्टची भिंत उघडतात, द्रव सोडतात, नसेचे तंतू सांभाळून भिंत आवळून शिवतात आणि मोकळी जागा चरबी किंवा स्नायूच्या तुकड्याने व ग्लूने भरतात. ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंग असावं, याचा आग्रह धरा. सीएसएफ गळणं, जखमेतला संसर्ग, नव्याने बधिरपणा, लघवीचा त्रास वाढणं आणि सिस्ट पुन्हा भरणं हे धोके संमतीपत्रावर सही करण्याआधी मराठीत समजावून घ्या. दुखणं कमी होऊ शकतं. वर्षानुवर्षं बधिर असलेला भाग मात्र पूर्ववत होईलच असं नाही.

खर्चासाठी विम्याची पूर्वमंजुरी आधीच काढा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर तुमची नेमकी शस्त्रक्रिया बसते का, हे संलग्न हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून विचारा.

घरी आल्यावर काही आठवडे वजन उचलणं, वाकणं, कुंथणं बंद. जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येऊ लागला, ताप आला, मान कडक झाली, किंवा उठून बसताच डोकं फुटेल असं दुखलं, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

सिस्ट आहे, पण त्रास नाही त्यांच्यासाठी

दर सहा महिन्यांनी एमआरआय काढत बसू नका. नवं लक्षण आलं किंवा डॉक्टरांना तपासणीत बदल दिसला तरच पुन्हा काढा. मात्र सिझेरियन, हर्निया, गुडघा, कोणत्याही ऑपरेशनसाठी पाठीतून भूल द्यायची ठरली तर भूलतज्ज्ञांना सिस्टबद्दल आधी सांगा आणि एमआरआयची सीडी सोबत न्या. सुई साधारणपणे सिस्टच्या बरीच वर टोचतात, त्यामुळे भूल नाकारलीच जाईल असं नाही. पण मोठ्या सिस्टमुळे भुलेचा परिणाम अपुरा पडल्याची उदाहरणं आहेत, आणि हे त्यांना टेबलावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं. गरोदर बाईने ही सीडी सातव्या-आठव्या महिन्यातच प्रसूतीच्या फाइलमध्ये ठेवून द्यावी.